चार पायांची सवत

“भाकर गार झाली,” मी दारात उभी राहून म्हणाले.

“असू दे,” भिंतीपलीकडून मालकांचा आवाज आला. “बाईंचा पाय शेकतोय. तू खाऊन घे.”

नवऱ्याआधी जेवायची रीत आमच्या माहेरी नव्हती. मी भाकरी झाकून ठेवली आणि तबेल्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मालक उकिडवे बसले होते. पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं होतं. माझं एक जुनेर फाडून त्यांनी त्याच्या घड्या केल्या होत्या, आणि त्या पाण्यात बुडवून, पिळून घोडीच्या पुढच्या डाव्या पायाला गुंडाळत होते. घोडीनं मान खाली घालून त्यांच्या पटक्यात नाक खुपसलं होतं.

“माझं लुगडं ते,” मी म्हणाले.

“फाटलेलंच व्हतं की.”

“गोधडीला ठेवलं व्हतं मी.”

त्यांनी वर बघितलं नाही. “जरा दमानं बोल,” ते म्हणाले. “बाई बिचकत्यात.”

मला नांदायला येऊन तेव्हा सात महिने झाले होते. मालक मला ‘ए’ म्हणून हाक मारायचे, नाहीतर नुसतं खाकरायचे. घोडीला मात्र ‘बाई’, आणि तेही मानानं. बाई, या. बाई, पाणी घ्या. बाई, आज दमलात.

राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून वाईत दिवे लावले होते, त्याच्या तीन वर्षं आधीची ही गोष्ट. घाटात मोटारी अजून यायच्या होत्या. उन्हाळा लागला की साहेब लोक वाठारला आगगाडीतून उतरायचे आणि टांग्यानं वाई, पाचगणी करत महाबळेश्वरला जायचे. वाटेत पाच-सहा मैलांवर घोडी बदलायची ठिकाणं होती, त्यांना टप्पा म्हणायचे. आमचा टप्पा वाईच्या पुढं, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याला. इथं जोडी जुंपायची ती घाट चढून पाचगणीला सोडायची. सगळ्या रस्त्यात हाच तुकडा घोड्यांना वाईट होता. ठेकेदाराची बारा घोडी आमच्या टप्प्यावर होती. मालक त्यातल्या एका जोडीचा टांगा हाकायचे. तबेल्याला लागून एक खोली होती, ती आम्हाला दिली होती. मधली भिंत आढ्यापर्यंत नव्हती. वरून घोड्यांचा वास यायचा, आणि मालक घोडीशी काय बोलतात ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं.

घोड्यांना नावं नव्हती. खुरावर डाग देऊन नंबर घातलेले असत, सगळ्या टप्प्यांचे मिळून. मालकांची बाई म्हणजे सतरा नंबर. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, अंगानं बारीक. तिचा तो घाटातला तिसरा हंगाम होता. चौथा हंगाम बघितलेलं घोडं टप्प्यावर एकही नव्हतं. गळपट्ट्याखाली खांदे सोलून निघायचे, त्यावरच पुन्हा पट्टा चढायचा. साहेबांच्या मडमांना जखमा दिसल्या की त्या कुरकुर करत, म्हणून आमचा मुकादम, रखमाजी, तेलात काजळ कालवून जखमांवर लावायचा. फार मन लावून लावायचा. बाहुलीचे डोळे रंगवावेत तसं.

सतरा नंबरचा डावा पाय पौषापासून दुखावला होता. चढाला जोर लावला की ती लंगडायची. मुकादमाला हे कळलं असतं तर त्यानं तिला टप्प्यावर ठेवलं नसतं. म्हणून मालक तिला घाटात नेतच नव्हते. तिच्या जागी अकरा नंबरचा घोडा जुंपायचे. अकरा नंबर दांडगा आणि गरीब होता. आपली खेप झाली की तो मालकांसाठी दुसरी खेप करायचा. मुकादम वाईत राहायचा, सोमवारी बाजारच्या दिवशी तेवढा फेरी मारायचा. त्या दिवशी मालक पहाटेपासून घोडीला खरारा करून पुढं बांधून ठेवायचे. टप्प्यावरच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. मालकांचा कोणाशी वाकडेपणा नव्हता, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मी मात्र सगळं मनात धरून ठेवत होते. घरातला गुळाचा खडा कुठं जातो ते मला ठाऊक होतं. मालक मांढरदेवीच्या जत्रेला निघाले, तेव्हा मी त्यांना बांगड्या आणायला सांगितल्या होत्या. ते आले ते निळ्या मण्यांची माळ घेऊन. मी हात पुढं केला. ते म्हणाले, “बाईंना दृष्ट लागत्या गं. तुझं पुढल्या खेपेला.” आणि माळ घेऊन भिंतीपलीकडं गेले. मी चुलीपुढं बसून ऐकत राहिले. “बगा बरं, बाई. टोचत न्हाई न्हवं?” तसा आवाज त्यांनी माझ्यासाठी कधी काढला नव्हता.

मालक वाईट नव्हते. दारू नव्हती, हात उगारणं नव्हतं. चार जणी म्हणाल्या असत्या, तुझं नशीब चांगलं. म्हणूनच मला कोणापाशी बोलता येईना. काय सांगणार? नवरा घोडीशी गोड बोलतो म्हणून?

फाल्गुनात माझे वडील आणि थोरला भाऊ ओझर्ड्याहून आले. गावची जत्रा होती, मला चार दिवस न्यायला आले होते. वडिलांनी जावयासाठी नवा पटका आणला होता, गुलाबी, जरीच्या काठाचा. मी अंगणात घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

“जावईबापू कुठं हायत?” वडिलांनी विचारलं.

मला सांगायची वेळच आली नाही. तबेल्यामागून मालक घोडीला धरून आले. तिच्या पोटात कळ उठली होती. पोट फुगलं होतं, सारखी खाली बसायला बघत होती. ती बसली की संपली, म्हणून मालक सकाळपासून तिला फिरवत होते. अंगणासमोरून जाताना ते म्हणाले, “आलो हं, मामा,” आणि पुढं गेले.

तबेल्याला वळसा घालून पुन्हा आले. “बसा, मामा, आलोच.” पुन्हा गेले.

पहिल्या दोन वेळा वडिलांनी मान हलवली. तिसऱ्या वेळेला पटका मांडीवरून उचलून खाली ठेवला. सहाव्या फेरीला भाऊ हसायला लागला. “ठकू,” तो म्हणाला, “तुला सवत हाय की गं. अन् तीबी चार पायांची.”

वडील हसले नाहीत. ऊन कलायला लागलं तसे ते उठले. पटका माझ्या हातात दिला. “दे त्यास्नी. सवड झाली की बांधतील.”

“मी येऊ की तुमच्याबरूबर,” मी म्हणाले. “मी कपडे बांधून ठेवल्यात.”

“त्यांचा शब्द घेतल्याबिगर कसं न्यायचं, बाळा? अन् शब्द द्यायला ते हुबं तर ऱ्हायाला पायजेत.”

दोघं वाईच्या रस्त्याला लागले. मी ते दिसेनासे होईपर्यंत तिथंच होते. पाठीमागून मालकांची हाक आली, “ठकू, अगं ठकू.” सात महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. मी धावत गेले. ते घामानं निथळत होते आणि तोंडभर हसत होते.

“बाईंनी लीद टाकली,” ते म्हणाले. “वाचल्या.”

मी पटका त्यांच्या पुढ्यात टाकला आणि घरात आले. त्या दिवशी चूल पेटवली नाही. त्यांनी विचारलंही नाही. घोडीच्या तोबऱ्यातले भिजवलेले चणे मूठभर खाऊन ते तिच्याजवळच बसून राहिले असतील. मी डोक्यावरून गोधडी घेतली होती, तरी भिंतीपलीकडचं ऐकू येत होतं.

पुढं पंधराएक दिवसांनी, बाजार नव्हता तरी, रखमाजी मुकादम आला. हंगाम तोंडावर आला होता. मालक टांगा घेऊन पाचगणीला गेले होते, अकरा नंबर जुंपून. बाकीचे गडी विहिरीवर होते. मी अंगणात धान्य पाखडत होते.

मुकादमानं छत्री मिटली. तबेल्यात डोकावून बाहेर आला. “सतरा नंबर हितं कशी? तिची खेप हाय न्हवं आता?”

मला गप्प बसता आलं असतं. मला काय ठाऊक, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईमाणसाला कोण विचारणार? मी सूप खाली ठेवलं.

“ती लंगडती,” मी म्हणाले.

“कवापासनं?”

“पौषापासनं. हे तिला वर नेतच न्हाईत. अकरा नंबर दोन-दोन खेपा करतोय तिच्यापायी. त्याचा खांदा बगा कसा झालाय ते.”

अकरा नंबरचं नाव मी घेतलं, आणि घेताना मला बरं वाटलं. जणू मी त्याची बाजू मांडत होते. पण अकरा नंबरच्या खांद्याला मी त्याआधी एकदाही हळद लावली नव्हती.

मुकादम आत गेला. मी दारातून बघितलं. त्यानं घोडीच्या गुडघ्याखाली अंगठा दाबला, तशी तिनं पाय उचलून घेतला. ओरडली नाही. त्यानं माळ काढून गव्हाणीत टाकली, दोर सोडला आणि तिला बाहेर काढलं. माझ्या अंगावरून जाताना तिनं माझ्या पदराकडं मान वळवली. तिला वाटलं असेल, गूळ आहे.

मालक दुपारी आले. रिकामा खुंटा बघितला. “बाई कुठं हायत?”

“मुकादम घेऊन गेले.”

“आज कसा आला?”

“मला काय ठावं. आले अन् बघितलं.”

“कुनी सांगितलं त्याला?”

“त्यांचं त्यांनीच बघितलं. पाय दाबला.”

ते मुकादमाच्या मागं वाईला गेले. दिवस मावळायच्या सुमाराला परतले. मी गरम भाकरी वाढली. ते जेवले, सगळी भाकरी खाल्ली, हात धुतले. माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, “कालवण चांगलं झालंय.”

त्यानंतर मालक वेळेवर घरी यायला लागले. चूल पेटलेली असताना जवळ बसायचे. एक दिवस वाईहून हिरव्या बांगड्या घेऊन आले, मी मागितल्याही नव्हत्या. मला जे हवं होतं ते सगळं आता मिळत होतं. पण भिंतीपलीकडून आवाज येईनासा झाला. ते घोड्यांना चंदी घालायचे, पाणी दाखवायचे, आणि तोंडातून एक अक्षर काढायचे नाहीत. घरातही तेच. विचारलं तर उत्तर द्यायचे. मला वाटायचं, ते घोडीशी बोलायचे तेव्हा निदान घरात माणसाचा आवाज होता.

मी समजत होते, सतरा नंबर विकली गेली असेल. कुठंतरी टांग्याला, सपाटीला. तसं मी स्वतःला सांगत होते.

चैत्र संपत आला तेव्हा मी एकदा सरपणाला घाटात गेले. काट्याकुट्या तोडून मोळी बांधली, कोयता कमरेला खोचला आणि रस्त्यानं खाली यायला निघाले. तिसऱ्या वळणावर आरडाओरडा ऐकू आला. त्या वर्षी ठेकेदारानं साहेबांच्या पेट्या-बिछाने न्यायला घोड्यांची सामानगाडी नुकतीच सुरू केली होती; ती वाईहून निघायची, आणि तिची घोडी मुकादम वाईतच बांधायचा. बैलगाडीला फार वेळ लागायचा, आणि साहेबांना पोचल्याबरोबर सामान पाहिजे असायचं. ती गाडी वळणावर अडली होती. गाडीत पेट्या टांग्याच्या टपाच्या वर जातील इतक्या रचल्या होत्या. जुंपलेल्या दोन घोड्यांपैकी उभा होता तो अकरा नंबर, त्यालाही मुकादमानं वाईला नेलं होतं. दुसरं घोडं गुडघ्यावर बसलं होतं.

मी आधी ओळखलं नाही. कपाळावरचा ठिपका दिसला तेव्हा ओळखलं. बरगड्या मोजाव्यात इतकी झाली होती. खांद्यावर मुकादमानं लावलेलं काजळ घामानं ओघळून पायांवरून खाली आलं होतं, आणि जिथून ते ओघळलं होतं तिथं लाल मांस दिसत होतं.

गाडीवर गेनू होता, आधी आमच्याच टप्प्यावरचा. चाबूक मारून मारून त्याचा हात दमला होता. मागं साहेबाचा टांगा खोळंबला होता. साहेब उभा राहून घड्याळ बघत होता, “जल्दी, जल्दी,” म्हणत होता. शेजारी त्याची मडम बसली होती. तिनं छत्री आडवी धरली होती, घोडी दिसू नये अशी.

“गेनूदादा,” मी म्हणाले, “ही हितं कशी?”

“मुकादमानं लावली. दोन म्हयनं फुकाट बसून खाल्लंय म्हणाला, आता वसूल करा.” तो माझ्याकडं बघत नव्हता. रस्त्याकडेचं वाळकं गवत उपटत होता.

“गवत कशाला?”

“पोटाखाली पेटवल्यावर उठंल. उठत्यातच.”

“पाय गेलाय तिचा.”

“मला ठावं न्हाई व्हय?” गेनू एकदम माझ्याकडं वळला. त्याचे डोळे भरले होते. “येळेत सामान न्हाई गेलं तर उद्या मला हाकलत्यात. घरात पाच तोंडं हायत. तू तुझ्या वाटंनं जा.”

त्यानं गवताचा पेंढा घोडीच्या पोटाखाली सारला आणि काडेपेटी काढली. घोडीनं मान वळवून गवत हुंगलं. तिला वाटलं, खायला दिलंय. ती ते खायला लागली.

मी मोळी टाकली. रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलून चाकांमागं लावले. कमरेचा कोयता काढला आणि तिच्या साजाच्या पट्ट्यावर घातला. चामडं जाड होतं. एका घावात तुटलं नाही. गेनूनं माझा दंड धरला.

“अगं, काय करतीस? ठेकेदाराचा साज हाय. माझं नाव घेतील.”

“तू माझ्या मालकांचं नाव सांग.”

“काय सांगू?”

तोपर्यंत मी ते नाव कधी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घ्यायचं, तेसुद्धा मी लाजून पुटपुटले होते. “सांग,” मी म्हणाले, “हैबतीच्या बायकोनं साज कापला.”

गेनूनं दंड सोडला. मी दुसरा घाव घातला, तिसरा घातला. एक घाव निसटून माझ्याच डाव्या हातावर बसला. पट्टे सुटले. गाडी धोंड्यांवर टेकली. साहेब माझ्यावर काहीतरी ओरडत होता, ते मला कळत नव्हतं. घोडी बराच वेळ तशीच बसून गवत खात राहिली. मग तिनं पुढचे पाय पसरले, एकदा पडली, दुसऱ्यांदा उठून उभी राहिली. डावा पाय टेकवत नव्हती.

तेवढ्यात वरून रिकामा टांगा उतरत आला. टांग्यावर मालक होते. त्यांनी टांगा थांबवला, उडी मारली. कापलेला साज, घोडी, मी, सगळं त्यांनी एका नजरेत बघितलं असणार. आणि ते आधी माझ्याकडं आले. माझा हात धरला, डोक्याचा पटका सोडून त्याचं टोक फाडलं आणि जखमेवर बांधलं. तोच गुलाबी पटका होता.

“लई लागलं का?” त्यांनी विचारलं.

महिनाभर आधी त्यांनी असं विचारलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. मी म्हणाले, “मला काय झालं न्हाई. तिच्याकडं बगा.”

संध्याकाळी मुकादम टप्प्यावर आला. फार बोलला नाही. मालकांना कामावरून काढलं. घोडीचा पाय बघून म्हणाला, “ही आता कातड्याच्याच कामाची. न्यायची तर न्या, न्हाईतर सकाळी मी माणूस पाठवतो.” जाताना माझ्याकडं बघून हसला. “तुझ्या बायकोचं काय कळत न्हाई बाबा, हैबती. आधी हीच सांगती, मग हीच सोडवती.”

मी मालकांकडं बघितलं. ते भांडी पोत्यात भरत होते. त्यांचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही ओझर्ड्याच्या वाटेला लागलो. दुसरीकडं जायला जागाच नव्हती. मालकांच्या डोक्यावर पोतं, माझ्या डोक्यावर भांडी, मधे घोडी. ती तीन पायांनी चालायची, दर शंभर पावलांवर थांबायची, मग आम्हीही थांबायचो. कृष्णेचा पूल ओलांडला. मग मला राहवलं नाही.

“मुकादम खोटं बोलला न्हाई,” मी म्हणाले. “मीच सांगितलं त्याला.”

“ठावं हाय.”

“कवा कळलं?”

“त्याच दिशी. वाईला गेलो न्हवं, तवा त्यानंच सांगितलं.”

मला ते जेवण आठवलं, गरम भाकरीचं. कालवण चांगलं झालंय म्हणालेले. बांगड्या आठवल्या.

“मग काय बोलला का न्हाई?”

त्यांनी डोक्यावरचं पोतं सरळ केलं. “काय बोलणार? तुझा बाप दिसभर अंगणात बसला, मी त्याच्यापुढनं घोडी फिरवली. तू सांगितलंस, मला वाटलं, झालं, तुझं-माझं बरूबर झालं.” ते थांबले, कारण घोडी थांबली होती. “पर आपल्या दोघांत बाईंचा काय संबंध हुता? भोगलं त्यांनी.”

घोडी पुन्हा चालायला लागली.

“अन् त्या अकराचा खांदा,” ते म्हणाले. “माझ्या म्होरंच हुता की गं तो. रोज हाकताना डोळ्याम्होरं. मी बघितलाच न्हाई.”

अकरा नंबरचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर मालक एकदा टप्प्यावर जाऊन विचारून आले. तिथं नव्या माणसांना तो नंबर ठाऊक नव्हता.

माझ्या वडिलांनी गोठ्याशेजारची पडवी दिली. जावई घरी आला म्हणून गाव काय म्हणेल ते म्हणू दे, म्हणाले, पण जेवताना मालकांशी बोलायला त्यांना वर्ष लागलं. मालक मळ्यात मोट हाकायला लागले. दिवसभर विहिरीवर असायचे. चामड्याची ओली मोट ओढायची, ओतायची, चऱ्हाटं धरायची. घोडीचं सगळं माझ्याकडं आलं. गवत कापून आणायचं, पाय शेकायचा, खांद्याला हळद-तेल लावायचं. मी काही प्रेमानं करत नव्हते. करायलाच हवं होतं म्हणून करत होते. पहिले दोन महिने ती माझ्या हातालाही बिचकायची. मग बिचकेनाशी झाली. श्रावणात ती पाय टेकवून उभी राहिली. त्या दिवाळीच्या आसपास ती माझ्या मागं विहिरीपर्यंत लंगडत यायला लागली. मी दिसले नाही की खिंकाळायची.

ती पाच वर्षं जगली. तिच्या पाठीवर परत काही घातलं नाही.

त्यातल्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षाची एक संध्याकाळ मला अजून दिसते. मी टोपलीतून तिला कडबा चारत होते. मालक मळ्यातून आले. येताना बांधावरचं हिरवं, कोवळं गवत कापून आणलं होतं. त्यांनी हात पुढं केला. “घ्या, बाई,” ते म्हणाले. तोच पूर्वीचा आवाज होता. घोडीनं नाक पुढं केलं, त्यांचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं. माझ्या टोपलीत घातलं.

“माझ्या हातचं घेतच न्हाईत अलीकडं,” मालक म्हणाले.

“हाताला चामड्याचा वास येतुया तुमच्या,” मी म्हणाले. “मोटेचा. त्यांना साज आठवत असंल.”

ते तसेच वळले. न्हाणीपाशी गेले. चुलीतली राख घेऊन हात घासले, कोपरापर्यंत घासले. पाण्यानं धुतले, हुंगून बघितले, पुन्हा राख लावली. बऱ्याच वेळानं परत आले. ओले हात धोतराला पुसून त्यांनी ते गवत पुन्हा तिच्यापुढं धरलं आणि ते माझ्याकडं, टोपलीकडं, घोडीकडं असं आळीपाळीनं बघायला लागले. ती नजर मला चांगली ओळखीची होती. पसरणीच्या त्या खोलीत, गार भाकरीपुढं बसून, मी तशीच भिंतीकडं बघायची.

मी टोपली खाली ठेवून घरात जायला हवं होतं. दोन पावलं मागं झाले असते तरी घोडीनं त्यांच्या हातचं घेतलं असतं. पण मी तिथंच उभी राहिले, आणि टोपली तिच्या तोंडाशी जरा आणखी वर धरली.